हिपॅटायटिसचे संशोधक डॉक्टर होण्यासाठी

संसर्गजन्य रोगांचा तज्ज्ञ होऊन हिपॅटायटिसच्या (यकृताच्या दाहाच्या) विषाणूंवर काम करू इच्छिणाऱ्या गोव्यातील विद्यार्थ्याने आधी पदव्यांचा क्रम लक्षात घ्यावा. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) एमबीबीएस आणि इंटर्नशिप मिळून साडेपाच वर्षे, मग जनरल मेडिसिनमधील एमडीची तीन आणि त्यापुढे संसर्गजन्य रोगांतील डीएम या अतिविशेष पदवीची तीन वर्षे लागतात. डीएमसाठी दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पीजीआय किंवा वेल्लोरचे सीएमसी यांचा विचार करावा.

संशोधनासाठी मात्र डीएमची वाट पाहू नये. एमडीचा प्रबंध लिहावाच लागतो. त्याचा विषय वॉर्डात पडलेल्या प्रश्नातून निघावा. हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ मध्ये ओळखला गेला आणि आज सोफोसबुविर व डक्लाटासविर या औषधांच्या १२ आठवड्यांच्या उपचाराने बहुतेक रुग्ण बरे होतात, त्यामुळे तेथे मुख्य प्रश्न निदान न झालेल्यांना शोधण्याचा आहे. हिपॅटायटिस बीमध्ये टेनोफोविर हे औषध विषाणूला दाबून ठेवते, पण यकृतपेशींच्या केंद्रकात दडलेला त्याचा डीएनए सहसा जात नाही. दूषित पाण्यातून पसरणारा हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत इतका घातक का ठरतो, याचे पूर्ण उत्तर अजून मिळालेले नाही. १९५५-५६ मध्ये दिल्लीत या रोगाची प्रचंड साथ येऊन गेली असल्याने आपल्या देशातील संशोधकाने हा प्रश्न हाती घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

खरी कसोटी रुग्णाची हकिकत घेताना लागते. काविळीचा रुग्ण अनेकदा गावठी औषध घेऊनच येतो. त्याला न रागावता, कोकणीतून, कोणता पाला किंवा मूळ घेतले आणि किती दिवस, हे विचारून लिहून ठेवावे, कारण काही वनस्पतींनीही यकृताला इजा होते आणि ही नोंद नसली तर दोष विषाणूच्या माथी जातो. संशोधनासाठी रक्ताचे सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) लहान लहान व्हायलमध्ये (कुप्यांत) विभागून उणे ८० अंश सेल्सिअसला ठेवावे. एकच व्हायल पुन्हा पुन्हा वितळवून गोठवली की विषाणूचा आरएनए हा जनुकीय पदार्थ खराब होतो. प्रत्येक व्हायलच्या नोंदीत आजार सुरू झाल्याची तारीख हवीच, कारण हिपॅटायटिस ईचा विषाणू रक्तात सहसा काही आठवडेच सापडतो आणि तारखेविना निगेटिव्ह अहवालाचा अर्थ लावता येत नाही.

हे सारे नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्यावरच सुरू करावे. संमतिपत्र कोकणी व मराठीत तयार करून ते रुग्णाला स्वतः वाचून दाखवावे, आणि नकार दिला तरी उपचारात काहीही फरक पडणार नाही, हे वाक्य त्यात अगदी वरच घालावे.