काकडीचे शेवटचे तोडे: या चुका टाळा

दिवाळी सरली की ऑगस्ट-सप्टेंबरात लावलेल्या काकडीचा वेल दिसायला हिरवा असतो, पण फळ भरत नाही. अशा वेळी हात पहिल्यांदा युरियाच्या गोणीकडे जातो. तो आवरा. काकडीला साधारण 20 ते 30 अंश तापमान मानवतं. रात्रीचा पारा 12 च्या खाली गेला की मुळं मंदावतात, आणि परभणीकडे डिसेंबरात पारा दहाच्या खाली यायला वेळ लागत नाही. युरियानं पाला तेवढा माजतो आणि त्या लुसलुशीत पानांवर मावा येतो. काही द्यायचंच असेल तर ठिबकमधून थोडं थोडं 13:0:45 हे पाण्यात विरघळणारं पोटॅशचं खत द्या.

दुसरी चूक जास्त महागात पडते. पाल्याआड दोन-चार काकड्या राहून जातात, जाड होऊन पिवळ्या पडतात आणि "राहू दे, बियाण्याला होईल" म्हणून तशाच सोडल्या जातात. वाळूक वेलावर पिकू द्यावं, खायला गोडच लागतं. काकडी मात्र कोवळीच तोडायची. आत बी धरलं की वेल आपली ताकद तिकडे लावतो आणि नवी फळं धरणं थांबवतो. शिवाय संकरित वाणाचं घरचं बी पुढच्या वर्षी तसंच उतरत नाही. म्हणून दिवसाआड पाला उचलून बघा आणि जून झालेलं फळ विकण्याजोगं नसलं तरी काढून टाका.

बोटाएवढी काकडी पिवळी पडून गळते, तेव्हा लोक औषध शोधतात. फुलाच्या मागे इवलीशी काकडी असते ती मादी, नुसता देठ असतो तो नर. मादी फुलावर पराग पोचला नाही की ती काकडी गळते. अर्धवट पोचला तर फळ वाकडं, एका टोकाला निमुळतं होतं. थंडीत मधमाशा उशिरा बाहेर पडतात, त्यात सकाळीच फवारणी केली तर त्या फिरकतच नाहीत. फवारा संध्याकाळीच घ्या. परसात चार-सहा वेल असतील तर सकाळी नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलाच्या मध्यभागी हलकेच टेकवा. पॉलीहाऊसमधल्या परागीकरणाशिवाय फळणाऱ्या वाणांना याची गरज नसते.

फळमाशीच्या सापळ्यांचा घोळ तर गावोगाव दिसतो. आंबा-पेरूच्या बागेतला मिथाईल युजेनॉलचा सापळा काकडीत टांगून उपयोग नाही. त्या वासाला वेलवर्गीय पिकांची फळमाशी येत नाही, तिच्यासाठी क्यू ल्यूर हे वेगळं आमिष लागतं. डंख झालेली फळं बांधावर फेकू नका, खोल पुरा.

केवडा आणि भुरी एकच समजू नका. पानावर शिरांच्या मध्ये कोनदार पिवळे डाग आणि दव असताना खालून करडी-जांभळट बुरशी दिसली तर तो केवडा. वरून पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर भुरी. गंधक भुरीवर चालतं, केवड्यावर नाही, आणि ऊन कडक असताना मारलं तर काकडीची पानंच करपतात.

रात्रीच्या लाईटीमुळे पाण्याचं गणित बिघडतं, हे मान्य. पण काळी जमीन भेगाळेपर्यंत थांबायचं आणि मग एकदम तुंबवायचं, असं केलं की काकडी कडू होते.

कडाक्याची थंडी यायला तीनेक आठवडे उरले की शेंडे खुडा. त्यानंतर येणारी फुलं भरायची नाहीत. जी फळं लागली आहेत ती तरी पदरात पडतील.