डिव्हिजन थ्रीमध्ये बास्केटबॉल खेळायचंय? मग ही तयारी आधी करा

पहिलं काम म्हणजे घरात सगळ्यांनी बसून एक गोष्ट नीट समजून घ्यायची, की अमेरिकेतल्या डिव्हिजन थ्रीच्या, म्हणजे एनसीएए या कॉलेज-खेळांच्या संघटनेच्या तिसऱ्या गटातल्या, कॉलेजात खेळासाठी स्कॉलरशिप नसतेच, एक डॉलरही नाही, कोचला ती द्यायची परवानगीच नाहीये. चारशेच्या वर कॉलेजं आहेत यात, विल्यम्स, अ‍ॅमहर्स्ट, एमआयटी, एमरी, एनवायू, युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो, सगळी यातलीच. पैसे येतात ते घरच्या उत्पन्नावरून ठरणाऱ्या आर्थिक मदतीतून, म्हणजे एडमधून, किंवा काही कॉलेजांत अभ्यासावरच्या मेरिट स्कॉलरशिपमधून. मग कोच काय करतो? तो अ‍ॅडमिशन ऑफिसात तुमच्या मुलासाठी, मुलीसाठी शब्द टाकतो. तो शब्द टाकता येईल असं प्रोफाइल त्याच्या हातात देणं हीच सगळी तयारी. यात एक मोठी चांगली बाजू आहे जी लोक बघतच नाहीत: गुडघा दुखावला किंवा दुसऱ्या वर्षी खेळणं सोडलं तरी त्या कारणाने एड जात नाही, कारण ती खेळासाठी दिलेलीच नसते.

म्हणून नववीपासूनचे मार्क आणि अवघड क्लासेस हे ड्रिबलिंगच्या आधी. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेतल्या विषयांची आणि मार्कांची नोंद, कमी पडली तर कोचला कितीही आवडलात तरी तो काही करू शकत नाही, एमआयटी आणि कॅलटेकसारख्या ठिकाणी तर त्याच्या शब्दाला अजूनच कमी वजन असतं. एमआयटीला सॅट किंवा अ‍ॅक्ट ही प्रवेशाची परीक्षा लागतेच, इतर बऱ्याच ठिकाणी ऑप्शनल आहे, पण चांगला स्कोअर असेल तर कोचला दाखवायला उपयोगी पडतो.

मग यादी करा, पंचवीस-तीस कॉलेजांची, आणि प्रत्येकाचा रोस्टर, म्हणजे टीमची यादी, उघडून बघा, तुमच्या पोझिशनचे किती जण आहेत, त्यातले सिनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाचे, किती, म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा जागा रिकामी होणार का. दोन-तीन मॅचेस ऑनलाइन पूर्ण बघा, बहुतेक कॉलेजं दाखवतात. लेव्हल हलकी समजू नका, मायामी हीटकडून खेळलेला डंकन रॉबिन्सन पहिलं वर्ष विल्यम्सला खेळला होता, तिथून मिशिगनला गेला.

व्हिडिओ तीन-चार मिनिटांचा पुरे. सगळ्यात चांगले प्लेज पहिल्या अर्ध्या मिनिटात, स्वतःभोवती गोल किंवा बाण, गाणंबिणं नको. नुसते थ्री आणि ले-अप नकोत, डिफेन्स, रिबाउंड, बॉल नसताना काय करता ते पण दिसू दे. सोबत एक-दोन पूर्ण मॅचेसची लिंक ठेवा, तगड्या टीमविरुद्धच्या, कारण ज्याला खरंच इंटरेस्ट आहे तो कोच तेच मागतो. नागपूर, पुणे, नागपाड्यात खेळणाऱ्या मुलामुलींसाठी तर हे फारच महत्त्वाचं आहे, तिकडच्या कोचला आपल्या स्टेट लेव्हलचा अंदाज नसतो, त्यामुळे मिडकोर्टजवळ उंचावर ट्रायपॉड लावून फोनवर अख्खी मॅच शूट करा. आणि उंची बूट काढून मोजलेली लिहा, प्रत्यक्ष भेटीत ती दिसतेच.

मेल मुलानेच लिहायचा. आईबाबांनो, प्लीज, तुम्ही नाही! मला माहितीये तुम्ही छान लिहाल, पण कोचला तुमच्याशी चार वर्षं काढायची नाहीयेत. छोटा मेल: नाव, शाळा, ग्रॅज्युएशनचं वर्ष, उंची, पोझिशन, जीपीए (मार्कांची सरासरी), व्हिडिओची लिंक, मॅचेसचं वेळापत्रक, आणि हेच कॉलेज का हे एका खऱ्या वाक्यात. उत्तर नाही आलं तर दोन-तीन आठवड्यांनी नवीन काहीतरी घेऊन परत लिहायचं. कॅम्पचं आमंत्रण आलं म्हणजे रिक्रूट झालो असं नसतं, ती आमंत्रणं ढिगाने जातात, कोचने तुमच्या खेळाबद्दल नेमकं काही लिहिलं असेल तरच पैसे भरून जा. रिक्रूटिंग सर्व्हिसला हजारो डॉलर देण्यापेक्षा ते कॉलेज व्हिजिटला वापरा असं माझं स्पष्ट मत आहे.

अकरावी संपली की त्या उन्हाळ्यात प्री-रीड. बरीच कॉलेजं ट्रान्सक्रिप्ट, स्कोअर, बारावीचे विषय मागून घेतात आणि अ‍ॅडमिशन ऑफिस कोचला अंदाज सांगतं. ही कागदपत्रं जूनमध्येच तयार असू द्या. अंदाज चांगला आला तरी ती अ‍ॅडमिशन नव्हे. तेव्हा कोचला सरळ विचारायचं, मी अर्ली डिसिजन (एकाच कॉलेजला लवकर करायचा अर्ज) भरलं तर तुम्ही मला पूर्ण सपोर्ट देणार का, माझ्या पोझिशनला अजून किती जणांशी बोलताय? गोलगोल उत्तर आलं तर दुसरं कॉलेज धरून ठेवा.

पण अर्ली डिसिजन बंधनकारक असतं, म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जावं लागतं, त्यामुळे त्याच्या आधी पैशाचं गणित झालंच पाहिजे. प्रत्येक कॉलेजच्या साइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, तो आईबाबांनी टॅक्स रिटर्न समोर घेऊन भरायचा, आणि एड ऑफिसकडे आधी अंदाज मिळेल का ते विचारायचं. सीएसएस प्रोफाइलमध्ये, म्हणजे एडसाठी बरीच कॉलेजं मागतात त्या फॉर्ममध्ये, पुण्यातला फ्लॅटही येतो, लपवू नका. एच-फोरवरच्या (एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावरच्या) मुलांना फॅफ्सा या सरकारी फॉर्ममधून मिळणारी मदत मिळत नाही, आणि बऱ्याच कॉलेजांत ती आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांतच धरली जातात, हे बारावीत कळून रडारड झालेली घरं मी बघितली आहेत, तर नववीतच बघून ठेवा. अ‍ॅमहर्स्ट, बोडन आणि एमआयटी परदेशी मुलांच्या बाबतीतही एड मागितली म्हणून अ‍ॅडमिशन अडवत नाहीत आणि ठरलेली गरज पूर्ण भागवतात, मात्र तिथे शिरणंच महाकठीण. भारतातून येणाऱ्यांना एनसीएए एलिजिबिलिटी सेंटरचं अमॅच्युअर, म्हणजे पैशासाठी न खेळणारे, असल्याचं सर्टिफिकेट डिव्हिजन थ्रीसाठीही लागतं, म्हणून खेळायचे पैसे कोणाकडून घेण्याआधी नियम वाचा.

व्हिजिटला जमलं तर एक रात्र टीमच्या मुलांसोबत राहा आणि त्यांना विचारा की लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली की काय होतं, बेंचवरच्या मुलांशी कोच कसा बोलतो. आईबाबांनी त्या वेळी गावात कॉफी प्यायला जावं.

अ‍ॅडमिशनचं पत्र आलं की त्याच दिवशी बाकीच्या सगळ्या कोचेसना मुलाने स्वतः मेल करून कळवायचं आणि आभार मानायचे, त्यांनी जागा धरून ठेवलेली असते आणि ती दुसऱ्या कोणाला तरी हवी असते.