आर्म बसवण्याआधीचे मोजमाप: जुन्या पिकअपच्या पुढच्या सस्पेन्शनवरील पहिले स्वतंत्र काम

यांत्रिकीची पदविका पूर्ण करून टेक्सासला आल्यावर मी तेथील कम्युनिटी कॉलेजात वाहनदुरुस्तीच्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला आणि त्याच वर्षी जुने पिकअप ट्रक नव्याने घडवणाऱ्या एका लहान गॅरेजात हाताखाली राहिलो. माझ्याकडे ग्रीन कार्ड होते म्हणून हे शक्य झाले. विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने परवानगीशिवाय कॉलेजबाहेर असे काम धरू नये, मालक रोख पैसे द्यायला कितीही तयार असला तरी. सात-आठ महिने पाने पुसल्यावर मला जे पहिले स्वतंत्र काम मिळाले, ते १९७२ च्या शेव्हरोले सी-१० ट्रकचे मूळ पत्र्याचे कंट्रोल आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे हलते दांडे) काढून त्यांच्या जागी नळीचे तयार आर्म बसवण्याचे होते. या वाटेने येऊ पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून त्या कामाविषयी लिहीत आहे.

१९६० ते १९६२ या काळातील सी-१० ला पुढे टॉर्शन बार, म्हणजे पिळले जाऊन स्प्रिंगचे काम करणारे दांडे असत. १९६३ पासून कॉइल स्प्रिंग आल्या. आपल्या गॅरेजांत ज्याला विशबोन म्हणतात, तसे दोन आर्म प्रत्येक पुढच्या चाकाला असतात. वरचा आर्म लहान आणि खालचा मोठा असून स्प्रिंग खालच्या आर्मवर बसते, आणि दोन्ही आर्मच्या टोकांना असलेल्या बॉल जॉइंटांमध्ये (सर्व बाजूंना फिरणाऱ्या गोळीच्या सांध्यांमध्ये) चाकाचा नकल, म्हणजे चाक ज्यावर बसते तो वळणारा भाग, धरलेला असतो. बाजूने पाहिल्यास वरचा बॉल जॉइंट खालच्यापेक्षा किंचित मागे असावा लागतो. या कलालाच कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा फोर्क तिरका असल्यामुळे हात सोडले तरी ती सरळ जाते, त्यातही हाच कल काम करतो. त्या काळी अनेक ट्रकांना पॉवर स्टिअरिंग नसे, त्यामुळे स्टिअरिंग हलके राहावे म्हणून कंपनी कॅस्टर कमीच ठेवी. आजचे रुंद रेडियल टायर आणि महामार्गाचा वेग यांना तो पुरत नाही. शिवाय ट्रक चार इंच खाली बसवला की मूळ आर्मचे बॉल जॉइंट आपल्या फिरण्याच्या मर्यादेजवळ जातात. नवे आर्म घेण्याची खरी कारणे ही दोन आहेत. नळीचे आर्म दिसतात छान, पण तेवढ्यासाठी हा खर्च करू नये असे माझे मत आहे.

काम पान्याने सुरू होते, ही माझी पहिली चुकीची समजूत होती. ट्रक सपाट जमिनीवर चाकांवर उभा असतानाच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंना मोजून वहीत लिहावे लागते. वरच्या आर्मच्या शाफ्टमागे पुढच्या आणि मागच्या बोल्टांवर किती शिम (अंतर जुळवणाऱ्या पातळ चकत्या) आहेत, हेही बाजूनिहाय नोंदवावे लागते. दोन्ही बोल्टांवर सारख्याच शिम बदलल्या की कॅम्बर, म्हणजे समोरून पाहता चाकाचा आत-बाहेरचा कल, बदलतो, आणि पुढच्या-मागच्या बोल्टांत फरक केला की मुख्यतः कॅस्टर बदलतो. त्या शिम एका डब्यात मिसळल्या तर सुरुवात कोठून करायची हेच हातून जाते.

उघडताना सर्वांत जास्त भीती स्प्रिंगची बाळगावी. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये हजार पौंडांहून अधिक जोर साठलेला असतो आणि ती निसटली तर हात मागे घेण्याइतकाही वेळ मिळत नाही. चेसिस घोड्यांवर (आधाराच्या स्टँडवर) ठेवून खालच्या आर्मखाली जॅक लावला जातो, स्प्रिंगच्या वेढ्यांतून साखळी ओवून ती क्रॉसमेंबरला (चेसिसच्या आडव्या तुळईला) बांधली जाते, आणि बॉल जॉइंटचा नट पूर्ण न काढता दोन आटे धरलेलाच ठेवला जातो. मग नकलला बाजूने हातोड्याचे ठोके दिले की जॉइंटचा निमुळता भाग सुटतो आणि तो नट आर्मला खाली कोसळू देत नाही. त्यानंतर जॅकवर भार घेऊन नट काढायचा आणि जॅक इंचाइंचाने खाली आणायचा. दुबेळक्याची पाचर ठोकून जॉइंट लवकर सुटतो खरा, पण त्याचे रबरी आवरण फाटते. जॉइंट टाकूनच द्यायचा असेल तरच ती वापरावी.

नवे आर्म आधी स्प्रिंगशिवाय बसवून जॅकने पूर्ण वर आणि पूर्ण खाली नेऊन पाहणे मला वरिष्ठांनी शिकवले. कोठे बॉल जॉइंट अडतो, कोठे ब्रेकची नळी ताणली जाते, हे तेव्हाच दिसते. नंतर स्प्रिंगचे टोक खालच्या आर्मच्या खोबणीत नेमके बसले आहे याची खात्री करून उलट्या क्रमाने जोडणी केली जाते. किल्ल्यासारख्या खाचांच्या नटाचे छिद्र जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळायचा असतो, स्प्लिट पिनसाठी कधीही सैल करायचा नसतो. आर्मच्या शाफ्टवरचे बुश (सांध्यातील नरम वेष्टणे) रबराचे असतील तर त्यांचे बोल्ट ट्रकचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर कायम पिळलेले राहून लवकर फाटते. आमचे बुश पॉलियुरेथेनचे होते. त्यांना ही अट नसली तरी सोबत आलेलेच ग्रीस लावावे लागते, अन्यथा ते कुरकुरतात.

इतके सारे सांभाळूनही मी चुकलो. रस्त्यावर नेताच ट्रक डावी-उजवीकडे भरकटू लागला आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येईना. अलाइनमेंटच्या यंत्रावर दोन्ही बाजूंचा कॅस्टर उणे २ अंशांच्या आसपास निघाला. वरच्या आर्ममध्ये बॉल जॉइंटची जागा मुद्दाम मागे सरकवलेली होती, आणि मी डावा आर्म उजवीकडे व उजवा डावीकडे बसवला होता. बोल्ट बिनतक्रार बसले होते, कारण शाफ्टची छिद्रे दोन्हीकडे सारखीच होती! अदलाबदल केल्यावर कॅस्टर अधिक ५ अंशांवर आला. मग कॅम्बर जवळजवळ शून्यावर आणि टो, म्हणजे वरून पाहता चाकांच्या पुढच्या कडांचा कल, एकूण एक अष्टमांश इंच आत अशी मांडणी केली. तो दिवस माझ्या खर्चाने गेला असे मालकांनी धरले नाही, हा त्यांचा चांगुलपणा होता. त्या दिवसापासून मी आर्म खोक्यातून काढताच त्यावर बाजू आणि बाणाची दिशा खडूने लिहितो.

नोकरीच्या दृष्टीने पाहता येथे एएसई या संस्थेची प्रमाणपत्रे विचारली जातात आणि त्यांतील ए-४ ही परीक्षा सस्पेन्शन व स्टिअरिंगची आहे. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावरही प्रमाणपत्रासाठी साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, म्हणून अनुभवाच्या नोंदी पहिल्या दिवसापासून ठेवाव्यात. भारतात परतून हाच व्यवसाय करू इच्छिणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आधी वाचावे, कारण मूळ बनावटीत फेरफार करण्यावर तेथे कडक बंधने आहेत.

शंभर मैल चालवून ट्रक पुन्हा आणण्यास आम्ही गिऱ्हाइकाला सांगितले होते. खालच्या आर्मचे शाफ्ट धरणाऱ्या यू-बोल्टांच्या नटांवर मी आवळून झाल्यावर पांढरी खूण केली होती. टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळण्याचा पाना) लावल्यावर चारपैकी एका यू-बोल्टचा नट त्या खुणेच्या पुढे जवळजवळ पाव फेरा सरकला.