टोमॅटोवर व्हायरस दिसला की काय करायचं, आणि त्याचं औषध का मिळत नाही

परवा नाशिकजवळच्या गिरणाऱ्याकडच्या एका भावानं फोटो पाठवला, शेंडा गोळा झालेला, पानं वाटीसारखी वर वळलेली, कडा पिवळ्या, आणि खाली एकच ओळ, व्हायरसवर काय मारू. मला ही ओळ वाचली की पोटात कालवतं, कारण 2020 च्या उन्हाळ्यात आमच्याच प्लॉटवर मी हेच केलं होतं. तेव्हा सगळे त्याला तिरंगा म्हणायचे, फळ एका बाजूनं लाल, एका बाजूनं पिवळं, मधे चट्टे. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले गेले तेव्हा त्यात मुख्यतः काकडीचा मोझॅक व्हायरस निघाला. तोवर दुकानातून व्हायरसचं औषध म्हणून दिलेल्या बाटल्या आम्ही तीन वेळा मारून बसलो होतो आणि क्रेट तसेच बांधावर ओतले. म्हणून सांगतो, फवारणीच्या आधी आत पानात काय चालतं ते समजून घ्या, मग पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळतं.

नाशिकरोडची नोटप्रेस डोळ्यासमोर आणा. समजा एक माणूस खिशात फक्त एक प्लेट घेऊन आत शिरला, त्याच्याकडे मशीन नाही, कागद नाही, शाई नाही, कामगार नाही, लाइटसुद्धा आतलीच. पण प्लेट मशीनवर चढली की तीच मशीन, तेच कामगार त्याचा माल छापत बसतात. व्हायरस म्हणजे ती प्लेट आणि तिच्यावरचं पाकीट, बस. बुरशीचं तसं नाही, बुरशीला स्वतःची पेशी असते, स्वतःची मशीन असते, म्हणून बुरशीनाशकाला मारायला जागा सापडते. व्हायरसची मशीन म्हणजे आपल्या टोमॅटोचीच प्रथिनं.

आता लीफ कर्ल, म्हणजे पर्णगुच्छ, हा पांढऱ्या माशीतून येणारा व्हायरस घ्या. त्याची प्लेट म्हणजे डीएनएची गोल कडी, एकेक कडी साधारण 2,700 अक्षरांची, आणि टोमॅटोची स्वतःची पोथी जवळपास 90 कोटी अक्षरांची. एवढ्याशा जागेत त्याच्याकडे मोजकीच प्रथिनं मावतात आणि त्यात डीएनएची कॉपी काढणारं पॉलिमरेज नाहीच. बरं, ते झाडाकडून घ्यावं तर अडचण अशी की तयार झालेल्या पानाची पेशी पुढे विभागत नाही, त्यामुळे तिचा डीएनए छापायचा विभाग कुलूप लावून बंद असतो. इथे व्हायरसचं रेप नावाचं प्रथिन कामाला येतं. एकीकडे ते स्वतःची कडी ओळखून तिला बरोबर एका जागी चीर देतं म्हणजे कॉपी सुरू करता येते, आणि दुसरीकडे झाडाचं आरबीआर नावाचं प्रथिन धरून ठेवतं, जे त्या बंद विभागाचं वॉचमन असतं. वॉचमन अडकला की पेशीला वाटतं विभागायची वेळ झाली, पीसीएनए नावाचं कडीसारखं प्रथिन तयार होतं जे पॉलिमरेजला धाग्यावर धरून ठेवतं, आणि झाडाचंच पॉलिमरेज व्हायरसच्या कॉप्या काढायला लागतं. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या गोळा झालेल्या शेंड्याकडे वेगळ्याच नजरेनं बघायला लागलो.

काकडीचा मोझॅक आरएनएवाला, म्हणजे त्याची प्लेट डीएनएऐवजी आरएनएची. ती झाडाच्या रायबोझोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या मशीनवर, चढते आणि तिथेच त्याची प्रथिनं बनतात. मिरचीवर येणाऱ्या पॉटीव्हायरस गटाचं तर आणखी बारीक आहे. झाडात ईआयएफ-फोर-ई नावाचं प्रथिन असतं, कोणता कागद रायबोझोमकडे न्यायचा ते पकडणारा हमाल समजा. या व्हायरसच्या आरएनएच्या टोकाला व्हीपीजी नावाचं प्रथिन चिकटलेलं असतं आणि ते या हमालाचा हात धरतं. मिरचीच्या काही जातींमध्ये या हमालाचा आकार किंचित वेगळा आहे, व्हीपीजीची पकड बसत नाही, झाडाचं काम मात्र चालतं, आणि मिरचीतली ही प्रतिकारशक्ती ब्रीडर लोकांनी कित्येक वर्षं वापरलीय.

आता बघा, औषधानं पॉलिमरेज बंद करायचं किंवा रायबोझोम बंद करायचा तर टोमॅटोच मरणार. म्हणून एकदा झाडात गेला की गेला. सूक्ष्म अन्नद्रव्यं मारून झाड चार दिवस हिरवं दिसेल, पण आतली छपाई थांबत नाही.

मग करायचं काय, तर प्लेट आत येऊ द्यायची नाही. सगळ्यात आधी कोण आणतंय ते बघा. सकाळी ऊन चढायच्या आत प्लॉटमध्ये जा, शेंड्याखालचं तिसरं-चौथं पान देठाला धरून हळूच उलटं करा, झटका दिला तर सगळं उडून जातं. पिठाच्या कणासारखं पांढरं, पंख छपरासारखे मिटून बसलेलं दिसलं तर पांढरी माशी. पानं दोरीसारखी अरुंद, हिरवी-पिवळी नक्षी असेल तर मावा शोधा. कोवळी पानं तांबूस-करपट आणि फळावर गोल वर्तुळं असतील तर फुलकिडे, पान पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळट काड्या चालताना दिसतील.

हे ओळखणं का महत्त्वाचं, तर पांढऱ्या माशीला रस शोषून व्हायरस उचलायला आणि मग तो तिच्या अंगातून फिरून तोंडात परत यायला काही तास लागतात, त्यामुळे तिथे कीटकनाशकाला थोडा वेळ मिळतो. मावा मात्र सोंड टोचल्या टोचल्या काही सेकंदात व्हायरस सोडतो, तुमच्या औषधानं तो मरायच्या आत काम झालेलं असतं. त्याला प्लॉटभोवती मका नाहीतर ज्वारीच्या दोन-तीन ओळी लागवडीच्या आधीच लावा, मावा आधी तिथे सोंड खुपसतो आणि तोंडातला व्हायरस बराचसा तिथेच पुसला जातो. काकडी, दोडका, भोपळ्याचा वेल शेजारी असेल तर तिकडेही लक्ष ठेवा, काकडीच्या मोझॅकला हजाराच्या वर जातींची झाडं चालतात, बांधावरच्या तणासकट.

रोप नर्सरीतून आणताना नेट बघा, साधारण 50 मेशची, म्हणजे इंचाला 50 भोकांची असायला हवी आणि दार दुहेरी. पिवळे चिकट सापळे रोप लावल्या दिवशीच लावा, माशी दिसल्यावर नाही. लागवडीनंतरचे पहिले चाळीस-पंचेचाळीस दिवस जीवावर घेऊन सांभाळा, त्या काळात लागलं तर झाड वाढतच नाही, उशिरा लागलं तर निदान खालचे दोन-तीन तोडे मिळतात.

एखादं झाड वळलेलं दिसलंच तर नुसतं ओढून खांद्यावर टाकून नेऊ नका, आमच्या अण्णांनी तसंच नेलं आणि ज्या ओळीतून ते गेले तीच ओळ पंधरा दिवसांनी वळायला लागली. आधी झाडावर प्लॅस्टिकची पिशवी घाला, तोंड आवळा, मग मुळासकट उपटा आणि लांब खड्ड्यात पुरा.

बियाणं घेताना टीवाय जीन, म्हणजे लीफ कर्लला प्रतिकार देणारा जीन, आहे का ते विचारा. त्यातला टीवाय-पाच मला फार आवडतो, कारण त्यात पेलोटा नावाचं झाडाचं प्रथिन, जे अडकलेले रायबोझोम मोकळे करतं, ते बदललेलं असतं आणि व्हायरसची छपाई मंदावते. आईबाप दोघांकडून आला तरच तो काम करतो.

बांधणीला येणाऱ्या बायांना साबण-पाणी बांधावरच ठेवा, तंबाखू मळलेल्या हातानं झाडाला हात लावू देऊ नका, तंबाखूतला मोझॅक हातातून जातो, त्याला माशी लागत नाही. दुधात हात बुडवून बांधणी केली तरी तो बराच अडतो.

आणि तोडे संपले की जुना प्लॉट तसाच उभा ठेवून त्याच्या शेजारी नवीन रोपं लावू नका, आधी जुन्यावर एक फवारणी घेऊन माशी मारा, मग उपटा, नाहीतर उपटताना ती सगळी उठून नव्या रोपांवर बसते.