रेस न देता इंजिन रेस घेतं तेव्हा

गॅरेजमधलं हे काम शिकायला लागून मला दुसरं वर्ष चालू होतं. एक पेट्रोल गाडी आली, केबलवर चालणाऱ्या थ्रॉटलची, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या पाकळीची. इंजिन पूर्ण गरम झालं तरी आयडलिंग, म्हणजे रेस न देता इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे, १४०० च्या खाली येत नव्हतं. मी थ्रॉटलचा स्टॉप स्क्रू, पाकळी कुठवर बंद होईल ते ठरवणारा, थोडा मागे घेतला, काटा ८५० वर आला, गाडी दिली. तीन आठवड्यांनी तीच गाडी ओढून आणावी लागली. ब्रेक मारून थांबायला गेलं की इंजिन बंद पडत होतं.

उस्तादांनी काही न बोलता थंड इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायला सांगितलं आणि मग एकच प्रश्न विचारला: "मागच्या वेळी कूलंट बघितलं होतंस का?" मी बघितलं नव्हतं. पहिल्या वेळी कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं पाणी, इतकं कमी होतं की तापमानाच्या सेन्सरचं टोक पाण्यात बुडतच नव्हतं. इंजिन तापलेलं असूनही कॉम्प्युटरला ते थंड वाटत होतं, म्हणून तो फास्ट आयडल, म्हणजे थंड इंजिनासाठीचे चढे फेरे, सोडत नव्हता. मधल्या काळात कुणीतरी कूलंट भरलं, सेन्सर खरं तापमान सांगू लागला, कॉम्प्युटरने हवा कमी केली. आणि मी स्क्रूने ती आधीच तोडून ठेवली होती. इंजिन बंद पडणारच. याहून वाईट म्हणजे कूलंट कुठेतरी जातंय हे सांगणारी एकमेव खूण मीच पुसून टाकली होती. इंजिन तापून त्याचं हेड वाकलं नाही, हे त्या मालकाचं नशीब.

तेव्हापासून मी स्टॉप स्क्रूला हात लावायच्या आधी एका प्रश्नाचं उत्तर शोधतो, आणि माझ्याकडे शिकायला येणाऱ्यालाही तोच प्रश्न विचारायला लावतो. पेट्रोल इंजिन असेल तर ही जादा हवा कुठून येते? डिझेल असेल तर हे जादा डिझेल कुणाच्या सांगण्यावरून जातंय?

पेट्रोल इंजिनाचे फेरे हवेवर ठरतात. थ्रॉटलची पाकळी म्हणजे हवेची तोटी, आणि येईल त्या हवेच्या प्रमाणात पेट्रोल सोडणं हे कॉम्प्युटरचं काम. फेरे चढलेत याचा अर्थ हवा आत शिरतेय, एवढं नक्की. ती दोनच प्रकारे शिरते. एकतर कॉम्प्युटर स्वतः दार उघडतोय, किंवा दार बंद असताना ती दुसऱ्याच वाटेने घुसतेय. ही फोड एकदा झाली की निम्मं काम संपतं, आणि त्यासाठी पाना लागत नाही, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारा स्कॅनर लागतो.

स्कॅनर लावलात की दोषाचा कोड वाचून थांबू नका. पी ०५०७ म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा जास्त, पी ०५०६ म्हणजे कमी. हे तर काट्यावरही दिसतंच. खरी माहिती लाइव्ह डेटात, म्हणजे चालू इंजिनाच्या आकड्यांत असते. कॉम्प्युटरला किती फेरे हवेत आणि प्रत्यक्षात किती आहेत, हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. गरम पेट्रोल इंजिन साधारण ६५० ते ८५० वर चालतं, थंड असताना १२०० ते १५०० वर जाऊन हळूहळू उतरतं. कॉम्प्युटरच १३०० मागत असेल तर तो कशामुळे मागतोय ते बघायचं. तो ७५० मागतोय, आयडलपुरती हवा सोडणारा आयडल व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून बसलाय आणि तरी फेरे १३०० आहेत, तर मग हवा चोरवाटेने येतेय.

कॉम्प्युटर स्वतः मागतोय या बाजूची कारणं तशी मोजकी. सगळ्यात आधी तापमान. गाडी रात्रभर उभी ठेवा आणि सकाळी इंजिन चालू करण्याआधी फक्त चावी फिरवून कूलंटचं आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान वाचा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे असायला हवेत. कूलंट सेन्सर उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. सेन्सर काढून मीटर लावायचा असेल तर बऱ्याच गाड्यांवर २० अंशांना दोन ते तीन हजार ओहम आणि ८० अंशांना ३०० च्या आसपास मिळतात. तापमान वाढलं की रोध कमी व्हायला हवा. सेन्सर चांगला असून आकडा ६०-६५ अंशांवरच रेंगाळत असेल तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारं दार, उघडाच अडकलाय असं समजा. आकडा वर-खाली उड्या मारत असेल तर कूलंट कमी आहे किंवा लाइनमध्ये हवा अडकलीय. माझी ती पहिली गाडी याच घरातली.

दुसरं कारण बॅटरी. व्होल्टेज पडलं की अनेक गाड्यांचा कॉम्प्युटर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरला बळ द्यायला मुद्दाम फेरे वाढवतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या आसपास मिळतात का ते बघा. एसीचा कॉम्प्रेसर लागताना काटा क्षणभर हलून सावरतो, तो दोष नव्हे.

आता चोरवाट. इथे वेळ द्या, कारण उंच आयडलच्या कितीतरी गाड्या इथेच सुटतात. रबरी पाइप उष्णतेने कडक होऊन चिरतात, सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या मॅनिफोल्डचं गॅस्केट दबून जातं, इंजेक्टरचा ओ-रिंग वाळतो. चीर बऱ्याचदा पाइपच्या खालच्या बाजूला, वळणावर असते. वरून बघून पाइप चांगला आहे असं कधी म्हणू नका, तो वाकवून बघा. इंजिन आयडलवर असताना एकेक व्हॅक्यूम पाइप पक्कडीने हलकेच दाबा, पक्कडीच्या तोंडाला कापड गुंडाळून. ज्या पाइपला दाबल्यावर फेरे उतरतील त्या पाइपच्या पलीकडे दोष आहे. ब्रेकला जोर देणाऱ्या बूस्टरचा पाइप जाडजूड, तो विसरला जातो. ब्रेक दाबल्यावर पायापाशी फुस्स आवाज येत राहिला आणि आयडल बदललं तर बूस्टरचा पडदा फाटलाय. ही गाडी आयडल दुरुस्त करून परत द्यायची नसते, ब्रेक दुरुस्त करूनच द्यायची असते.

टाकीतल्या वाफा इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला तर पेट्रोल भरल्यावर गाडी चालू व्हायला कुरकुरते, आयडल डगमगतं. त्याचा वायरचा कनेक्टर काढा आणि त्या वाफा साठवणाऱ्या कॅनिस्टरकडचा पाइप सोडून व्हॉल्व्हला बोट लावा. वीज नसताना तो बंदच असायला हवा. बोट ओढलं जात असेल तर व्हॉल्व्ह गेला. तसंच तेल भरायचं झाकण. चालू इंजिनावर ते चिकटल्यासारखं ओढलं जात असेल आणि कुठूनतरी शिट्टी ऐकू येत असेल, तर पीसीव्हीचा, म्हणजे इंजिनाच्या आतली वाफ परत हवेच्या वाटेत सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, पडदा फाटलेला असतो.

गॅस्केटवर क्लीनर फवारून फेरे बदलतात का बघायची जुनी रीत आहे. ती चालते, पण तापलेल्या एक्झॉस्टवर तो फवारा पेट घेतो, आणि मी तो पेटलेला पाहिलाय. त्याऐवजी पाण्याची बारीक फवारणी करा, वायरी आणि कॉइल सोडून. सगळ्यात उत्तम म्हणजे धूर सोडायचं मशीन: अर्धा ते एक पीएसआय दाबाने धूर भरा, तो जिथून बाहेर येईल तिथे भोक.

फ्युएल ट्रिम नावाच्या आकड्याशी नवशिक्याने लवकर मैत्री करावी. कॉम्प्युटर ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी सोडतोय, ते हा आकडा सांगतो. आत येणारी हवा मोजणाऱ्या एअर फ्लो मीटरवाल्या गाडीत चोरवाटेची हवा मीटरला दिसत नाही, म्हणून आयडलवर ट्रिम अधिक २० पर्यंत चढतो. फेरे २५०० वर नेले की तो उतरून शून्याजवळ येतो, कारण आता खरी हवा भरपूर असते आणि चोरी तिच्यापुढे नगण्य ठरते. उलट रेस वाढवल्यावर ट्रिमही वाढत गेला तर लीक शोधत बसू नका. फिल्टर, पंप, मळलेला मीटर बघा. पण मीटरऐवजी मॅनिफोल्डचा दाब मोजणाऱ्या गाडीत हे गणित फसवतं. तिथे शिरलेल्या हवेने दाब वाढतो, कॉम्प्युटर त्या हवेलाही पेट्रोल देतो, ट्रिम शहाण्यासारखा राहतो आणि फेरे मात्र चढतात. ट्रिम ठीक आहे म्हणून लीक नाही असं मी एकदा ठरवून मोकळा झालो होतो आणि त्या गाडीवर दोन दिवस घालवले. व्हॅक्यूम गेज लावला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं. समुद्रसपाटीजवळ चांगलं इंजिन आयडलवर १७ ते २२ इंच (पाऱ्याचे) दाखवतं, आणि दर हजार फूट उंचीला साधारण एक इंच कमी होतो.

आता काटा चढून तिथे न थांबता झोके घेत असेल तर. ८०० ते १६००, पुन्हा ८००, जणू इंजिन श्वास घेतंय. याला आपल्याकडे हंटिंग म्हणतात. होतं असं: थ्रॉटल बंद आहे आणि फेरे मात्र १५०० च्या वर, हे पाहून कॉम्प्युटरला वाटतं की चालकाने चालत्या गाडीत रेस सोडलीय, म्हणून तो पेट्रोल तोडतो. फेरे पडतात, ठरलेल्या आकड्याखाली आले की पेट्रोल पुन्हा सुरू होतं, चोरवाटेची हवा तयारच असते, इंजिन पुन्हा उसळतं. म्हणजे हंटिंगमागेही बऱ्याचदा तेच व्हॅक्यूम लीक असतं. पण काटा जवळपास स्थिर असून इंजिन थरथरत असेल तर ते मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, किंवा एक्झॉस्टचा वायू परत इंजिनात सोडणारा ईजीआर व्हॉल्व्ह उघडा राहिलेला. ईजीआरमधून जळालेला वायू येतो, त्यात जाळण्यासारखं काही उरलेलं नसतं, म्हणून फेरे वाढत नाहीत, आयडल खरखरीत होतं आणि इंजिन बंद पडतं. हे दोन आजार एकच समजून भाग बदलत गेलेली गाडी माझ्याकडे कितीदा तरी आलीय.

थ्रॉटल बॉडीवरचा कार्बन साफ करणं चांगलंच, पण इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी चालू असताना बोटाने ढकलू नका. आतले गिअर तुटतात, बोटही सापडतं. साफ केल्यावर आयडल उलट चढलेलं दिसलं तर घाबरू नका. कॉम्प्युटरने कार्बनसकट पाकळी किती उघडायची ते शिकून ठेवलेलं असतं. त्याला नव्याने शिकवावं लागतं, आणि त्याची पद्धत त्या त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणेच करायची.

ट्रककडे वळलात की वरचं बरंचसं बाजूला ठेवा. डिझेलमध्ये हवा नेहमीच जादा असते, फेरे ठरतात डिझेलवर. मॅनिफोल्डला भोक पडलं म्हणून डिझेलचं आयडल चढत नाही. मोठी इंजिनं ५५० ते ७५० वर चालतात, आणि तिथे आयडल डगमगलं की माझा हात आधी टाकी ते फीड पंप या लाइनवर जातो. या भागात डिझेल ओढलं जातं, म्हणून इथल्या सैल जोडातून डिझेल गळत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं दिसतं आणि तोच दोष असतो. मध्ये पारदर्शक पाइपचा तुकडा लावा, बुडबुडे दिसतील. डिझेल लाइनच्या जोडावरच्या पोकळ बोल्टचे (बँजो बोल्टचे) तांब्याचे वॉशर जुने परत वापरू नका. कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना दाबाने डिझेल पुरवणाऱ्या नळीच्या, हाय प्रेशर लाइनचा नट चालू इंजिनावर कधीही सैल करायचा नाही. आयडललाच तिथे अडीचशे-तीनशे बार दाब असतो आणि ती धार कातडीतून आत शिरते.

एका टिपरचं आयडल ११०० वर अडकलं होतं. कोड एकही नाही. पेडलचा सेन्सर बदलून झाला होता, पंपही काढून तपासला होता. लाइव्ह डेटात पीटीओची, म्हणजे इंजिनाच्या ताकदीवर टिपरची बाकी यंत्रं चालवणाऱ्या जोडणीची, मागणी "चालू" दिसत होती आणि स्विच तर बंद होता. कनेक्टरमध्ये पाणी जाऊन दोन पिना जुळल्या होत्या. इंजिन अगदी सांगितल्याप्रमाणे वागत होतं. ट्रकमध्ये पीटीओ, क्लच स्विच, डीपीएफ हा काजळीचा फिल्टर जाळून साफ करण्याची प्रक्रिया, या सगळ्यांमुळे कॉम्प्युटर फेरे वाढवतो, म्हणून पाना उचलण्याआधी लाइव्ह डेटाची ही पानं वाचा.

एक प्रसंग मात्र वेगळा. डिझेल इंजिनाचे फेरे आपोआप चढतच चाललेत, धूर भरतोय आणि चावी काढूनही बंद होत नाही, तर ते टर्बोच्या सीलमधून किंवा इंजिनाच्या आतली वाफ सोडणाऱ्या ब्रीदरमधून आलेलं स्वतःचं तेल जाळतंय. तिथे निदान करत उभं राहायचं नाही. मॅन्युअल गिअर असेल आणि आधीच सीटवर असाल तर ब्रेक पूर्ण दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडून इंजिन बंद पाडा. नाहीतर हवेच्या तोंडात कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक सोडा. हात किंवा कापड तिथे न्यायचं नाही. जमत नसेल तर सगळ्यांना घेऊन लांब जा.

बाकी रोजची काळजी: चाकाला ठोकळा लावा, गिअर न्यूट्रलला, बाह्या वर, आणि बंद खोलीत इंजिन चालवायचं नाही.

काम झालं की मी गाडी त्याच संध्याकाळी देत नाही. रात्रभर उभी ठेवतो, सकाळी थंड इंजिन चालू करतो, फेरे किती वर गेले, किती मिनिटांत उतरले, फॅन लागला तेव्हा कूलंट किती अंशांवर होतं ते वहीत लिहितो. मग चौकापर्यंत जाऊन ब्रेक मारतो, आणि काटा कुठे थांबतो ते बघतो.