शिट्ट्या मोजणं सोडा, मग राजमा शिजतो
नेरूळला राहायला आलो त्या पहिल्याच महिन्यात राजमा केला होता, रात्रभर भिजवलेला, चांगल्या नऊ शिट्ट्या काढल्या, आणि उघडून बघते तर दाणे टणक, ताटात टाकले तर वाजतील असे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं टँकर आलाय ना या आठवड्यात, बोअरच्या पाण्यात काय शिजणार?" आणि खरंच, दुसऱ्या वेळी पिण्याच्या फिल्टरचं पाणी घेतलं तर मस्त मऊ. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या सालीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि ते विरघळतच नाही. मोरबे धरणाचं नळाचं पाणी असतं तेव्हा मला कधी त्रास झाला नाही, पण टँकरच्या दिवसांत भिजवायला आणि शिजवायला दोन्हीला फिल्टरचंच घ्या.

आता भिजवणं. राजमा, छोले, काळे चणे ८ ते १० तास, चवळी आणि मसूर ३-४ तास पुरे. पाणी भरपूर घाला कारण दाणे फुगून दुपटीच्या वर जातात, आणि त्यात चमचाभर मीठ टाका, मिठाने दाणे कडक होतात असं आई अजून सांगते पण उलट सालं मऊ होतात. मे महिन्यात मात्र भांडं ओट्यावर रात्रभर ठेवू नका, सकाळी फेस आणि आंबूस वास, सरळ फ्रिजमध्ये ठेवा. ते पाणी फेकून द्यायचं, राजम्याचं तर नक्कीच, त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं, कच्चा किंवा अर्धवट शिजलेला राजमा पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब. पूर्ण उकळीला १० मिनिटं शिजला की ते जातं, कुकरमध्ये तर १२० डिग्रीच्या आसपास तापमान जातं म्हणून काळजी नाही. पण मंद आचेवर नुसता कोमट ठेवून राजमा शिजवायचे प्रयोग नकोत.

कुकर अर्ध्याच्या वर भरू नका, दाणे आणि पाणी दोन्ही मिळून. कडधान्याला फेस येतो, सालं उडून शिट्टीच्या भोकात अडकतात, म्हणून चमचाभर तेल घाला, फेस बसतो. पाणी दाण्यांच्या वर बोटाचं एक पेर. शिट्टी उचलून भोकातून उजेडाकडे बघा, आरपार दिसलं पाहिजे. आणि रिंग सैल झाली असेल तर बदलाच, वाफ बाजूने फसफसत राहिली तर दोन तासांनी पण काही होणार नाही, गॅसचं बिल तेवढं येईल.

शिट्ट्यांचा हिशोब मी बंद केलाय, कारण गॅस मोठा असेल तर पाच मिनिटांत पाच होतात आणि बारीक असेल तर एकही होत नाही, दाण्याला त्याचं काय. मोठ्या गॅसवर पहिली शिट्टी होऊ द्या, मग गॅस बारीक करा आणि मोबाईलवर टायमर लावा. भिजवलेला राजमा आणि छोले २० ते २५ मिनिटं, काळे चणे तेवढेच, पांढरे वाटाणे १० ते १२, चवळी ८. मोड आलेले मूग-मटकी एका शिट्टीत होतात, जास्त ठेवलं तर गाळ. मग गॅस बंद, कुकर आपोआप पडू द्या. घाईत नळाखाली धरला की सालं फुटतात, आणि वाफ असताना झाकण ओढणं तर सांगायलाच नको.

दाणा बोटात चेपून बघा, आत पांढरा कडक ठिपका राहिला असेल तर अजून ५ मिनिटं. टोमॅटो, चिंच, कोकम हे सगळं मऊ झाल्यावरच, आंबट आधी पडलं की दाणे अडून बसतात. खूपच जुना माल असेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो, जास्त झाला तर साबणासारखी चव येते. एवढं करूनही एखाद-दुसरा गणंग राहतोच, तो काढून टाका. दुकानदाराला नवा माल आहे का ते विचारूनच घ्या, मी वाशीच्या मार्केटला गेले की एकदम किलो-दोन किलो आणते, पाच किलो नाही, कारण वर्षभर डब्यात पडलेला राजमा कितीही भिजवा, अडूनच बसतो.

आणि सोललेले कडवे वाल कुकरमध्ये घालू नका हं, बिरडं कढईतच करायचं, झाकणावर पाणी ठेवून.