गच्चीवर सोलर बसवण्याआधी

सोलरवाल्याला फोन नंतर करा, आधी वर्षाची बारा वीजबिलं काढा. नुसतं मे महिन्याचं बिल दाखवलंत तर कूलर-एसीच्या युनिटवरून तो मोठी सिस्टिम गळ्यात मारेल. बाराही महिन्यांच्या युनिटची बेरीज करा. एक किलोवॅटमधून दिवसाला सरासरी चार युनिट धरले तर वर्षाचे चौदाशेच्या आसपास होतात. बेरीज २,६०० आली, तर दोन किलोवॅट भागतं. नेट मीटरवर, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरवर, वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्या युनिटला तुम्ही भरता तो दर मिळत नाही, म्हणून जास्तीचं बसवून उपयोग नाही. जुने पंखे पंचाहत्तर वॅट खातात, बीएलडीसी पंखा तिसाच्या आसपास. पंखे बदलायचे असतील तर हिशेबाआधीच बदला.

बिलावर नाव कुणाचं आहे? आमचं मीटर आजोबांच्या नावावर होतं, ते जाऊन कैक वर्षं झालेली. वडिलांच्या नावावर करून घेईपर्यंत अर्ज अडला आणि अख्खा उन्हाळा हातचा गेला, त्याची हळहळ अजून आहे. हे काम आजच लावून द्या. बिलावरचं, आधारवरचं आणि पासबुकावरचं नाव एकच हवं, कारण पीएम सूर्यघर या केंद्राच्या योजनेचं अनुदान खात्यात जमा होतं. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,०००, तिसऱ्याला १८,०००. ७८,००० च्या वर नाही. ते बसवून झाल्यावर येतं, तेव्हा आधीच्या पैशांची सोय हवी. पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचे आहेत, हे कोटेशनवर लिहून घ्या. नाहीतर अनुदान मिळत नाही.

आता गच्ची. किलोवॅटला शंभर चौरस फूट बिनसावलीची जागा लागते. टाकीची, शेजारच्या मजल्याची सावली सकाळी नऊ आणि दुपारी चारला स्वतः वर जाऊन बघा. पेठेतलं जुनं मातीचं माळवद असेल तर त्यावर भार घालूच नका. स्लॅब असला तरी वळवाचं वादळ आठवा आणि स्ट्रक्चर कशात रोवणार ते विचारा.

लाइट गेली की साधी ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाइनला जोडलेली सिस्टिमही बंद पडते, भर उन्हातसुद्धा. लाइनवर काम करणाऱ्या वायरमनचा जीव त्यामुळे वाचतो. घरात आजारी माणूस असेल तर इन्व्हर्टर-बॅटरी काढून टाकू नका.

धूळ पुसायला गच्चीवर नळ घ्या. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, तेव्हा बादलीभर पाणी आणि मऊ फडका, तेही उजाडताच. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते.